कोशर अन्न आणि कोशर दाखला

बेदाणा, आंब्याचा गर, काजूगर, हळद, वाळविलेला कांदा असा माल परदेशी पाठवू इच्छिणाऱ्या शेतकरी गटांकडे खरेदीदाराची एक लांबलचक प्रश्नावली येते. कीटकनाशकांचे अवशेष, ओलाव्याचे प्रमाण, बांधणी यांविषयीचे रकाने आपले कार्यकर्ते आता सराईतपणे भरतात. मात्र पुष्कळदा शेवटी एक छोटा रकाना असतो : ‘माल कोशर आहे काय?’ या रकान्यात ‘होय, पूर्ण शाकाहारी आहे’ असे लिहून मोकळे होण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे. हे उत्तर चूक आहे. प्रस्तुत लेखकानेही एका बेदाणा गटाचा अर्ज भरताना प्रथम हेच उत्तर लिहिले होते. खरेदीदाराने उलट टपाली एकच प्रश्न विचारला : ‘द्राक्षे ज्या द्रावणात बुडविता त्यातील तेल कशापासून बनते?’ गटास ते ठाऊक नव्हते, तेल विकणाऱ्या दुकानदारासही ठाऊक नव्हते, आणि मलाही नव्हते. उत्तर मिळविण्यात हंगाम निघून गेला व माल शीतगृहात पडून राहून अखेर देशी बाजारात कमी भावाने विकावा लागला. त्या तेलाविषयी पुढे यथास्थळी सांगितले आहे. परंतु तो प्रश्न का विचारला गेला हे समजण्यासाठी यहुदी लोकांच्या आहारनियमांची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

‘कोशर’ या हिब्रू शब्दाचा अर्थ ‘योग्य’ किंवा ‘विहित’ एवढाच आहे. धर्मगुरूने, ज्यास रब्बी म्हणतात, अन्नावर मंत्र म्हटला की ते कोशर होते, अशी एक समजूत ऐकू येते. ती निराधार आहे. अन्न कोणत्या पदार्थांपासून, कोणत्या भांड्यात व कोणत्या रीतीने तयार झाले यावर त्याची योग्यता ठरते. रब्बीचे काम तपासण्याचे आहे. आपल्या गावातील गळ्यात तुळशीची माळ घातलेला वारकरी ज्याप्रमाणे मटण शिजलेल्या भांड्यातील वरणसुद्धा घेत नाही, किंवा उपवास करणारी गृहिणी साबुदाण्याच्या खिचडीस वेगळी कढई ठेवते, त्याच जातीची ही दक्षता आहे. फरक इतकाच की, यहुदी समाजात या दक्षतेचे नियम शेकडो वर्षे चर्चा होऊन अत्यंत तपशीलवार लिहिले गेले आहेत.

आपले शेजारी

हे लोक आपणांस सर्वस्वी परके नाहीत. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात बेने इस्रायल समाज शतकानुशतके राहत आला. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात जोडपी वाचली व त्यांच्यापासून आपला वंश वाढला, अशी या समाजाची परंपरा आहे. पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर ही त्यांची आडनावे गावांवरून आलेली आहेत. तेल गाळणे हा त्यांचा मुख्य धंदा. शनिवारी, म्हणजे त्यांच्या शब्बाथच्या दिवशी, ते घाणा बंद ठेवीत, म्हणून कोकणात त्यांस ‘शनिवार तेली’ म्हणत. या समाजाने हिब्रू ग्रंथांचा संपर्क तुटला असताही जे थोडे आचार जपले त्यांत आहाराचे नियम ठळक होते. दावीद रहाबी नावाचा एक विद्वान कोकणात आला तेव्हा हे लोक खरोखर यहुदी आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी त्याने स्त्रियांपुढे निरनिराळी मासळी एकत्र ठेवून रांधावयास सांगितली, अशी आख्यायिका आहे. त्या स्त्रियांनी पर व खवले नसलेली मासळी आपण खात नाही म्हणून बाजूस काढली, आणि रहाबीची खात्री पटली. कथेचा काळ कोणताही असो, एखाद्या समाजाची ओळख त्याच्या चुलीपाशी टिकते हे तीत दिसते.

1948 नंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. तेथील लोद, दिमोना, अश्दोद यांसारख्या गावी मराठी बोलणारी घरे आहेत. आपल्या राज्यात आता काही हजारच यहुदी राहिले असून 2016 साली महाराष्ट्र शासनाने त्यांस अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला.

काय चालते, काय चालत नाही

मूळ नियम बायबलच्या जुन्या करारातील ‘लेवीय’ या ग्रंथाच्या 11 व्या आणि ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या 14 व्या अध्यायात आहेत. चतुष्पाद प्राणी रवंथ करणारा असावा व त्याचे खूर दुभंगलेले असावेत. गाय, शेळी, मेंढी, हरीण ही दोन्ही कसोट्यांस उतरतात. डुकराचे खूर दुभंगलेले आहेत पण ते रवंथ करीत नाही. उंट रवंथ करतो पण त्याचा खूर त्या अर्थाने दुभंगलेला नाही. म्हणून दोन्ही वर्ज्य. पक्ष्यांत कोंबडी, बदक, टर्की, कबुतर चालतात, शिकारी पक्षी चालत नाहीत. जलचरांत पर आणि सहज सुटणारे खवले दोन्ही हवेत. त्यामुळे रोहू, कटला चालतात, परंतु मांगूर, शिंगाळा, मुशी, तसेच कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, माकूल ही सर्व वर्ज्य होत. वर्ज्य प्राण्याचे दूध वा अंडेही वर्ज्य. उंटिणीचे किंवा गाढवीचे दूध म्हणूनच चालत नाही, आणि काही कर्मठ मंडळी तर धारेच्या वेळी आपला मनुष्य उभा असल्याखेरीज दूध घेत नाहीत. मधाचा अपवाद मात्र ध्यानात ठेवण्यासारखा आहे. मधमाशी वर्ज्य, पण मध चालतो, कारण तो फुलांचा रस मानला जातो.

विहित प्राणीही प्रशिक्षित मनुष्याने, ज्यास शोहेत म्हणतात, दाता नसलेल्या अतिधारदार सुरीने एका विशिष्ट रीतीने कापला पाहिजे. मेलेले किंवा जखमी जनावर चालत नाही. कापल्यावर फुप्फुसे तपासतात. मांड्यांतील एक मोठी शीर व पोटातील ठरावीक चरबी काढून टाकतात. रक्त पूर्ण निषिद्ध असल्यामुळे मांस अर्धा तास पाण्यात भिजवून, जाड्या मिठात सुमारे एक तास ठेवून, पुन्हा पुन्हा धुवून मगच शिजवितात. काळजात रक्त फार, म्हणून ते विस्तवावर भाजावेच लागते. अंडे फोडून आधी वाटीत पाहतात आणि रक्ताचा ठिपका दिसला तर टाकून देतात. मुंबई-ठाण्यातील पुष्कळ बेने इस्रायल कुटुंबे घराबाहेर शाकाहारच करतात, त्याचे कारण हेच.

दोन चुली, दोन संच

करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, अशी आज्ञा जुन्या करारात तीन ठिकाणी आहे. तिच्यावरून असा नियम निघाला की, मांस व दूध एकत्र शिजवू नये, एकत्र खाऊ नये आणि त्यांचा एकत्र उपयोगही करू नये. हा नियम पाळणाऱ्या घरात मांसाची व दुधाची पातेली, ताटे, चमचे, भांडी पुसण्याचे फडकेसुद्धा वेगळे असते. जेथे ऐपत आहे तेथे भांडी घासण्याच्या मोऱ्याही दोन. मांस खाल्ल्यावर दूध घेण्यापूर्वी थांबावे लागते : पूर्व युरोपातून आलेल्या कुटुंबांत सहा तास, जर्मनीकडील कुटुंबांत तीन तास, तर हॉलंडमधील जुन्या रीतीप्रमाणे एक तास. इस्रायलमधील कोशर उपाहारगृह एक तर दुधाचे असते किंवा मांसाचे. मांसाच्या खानावळीत जेवणानंतर दुधाचा चहा मागणाऱ्या आपल्या माणसास नकार मिळतो, तो यामुळे.

फळे, भाज्या, धान्य, अंडी, मासे हे तिसऱ्या वर्गात येतात. त्यांस ‘पारवे’, म्हणजे ना दुधाचे ना मांसाचे, असे म्हणतात. पारवे पदार्थ दोन्हींबरोबर चालतो, म्हणून व्यापारात त्यास विशेष किंमत आहे. कोकणातील बेने इस्रायल गृहिणीने हा प्रश्न फार पूर्वी आपल्या परीने सोडविला. मटणाच्या रश्शाला दाटपणा आणावयाचा तर दही नाही, नारळाचे दूध. मांसाच्या जेवणानंतरचे गोडही नारळाच्या दुधाचेच. नववर्षाच्या सणास केला जाणारा गव्हाच्या चिकाचा हलवा नारळाच्या दुधात आटवितात. या लोकांच्या सणांची जुनी मराठी नावेदेखील आपल्या पिकांशी निगडित आहेत. नववर्षानंतर लगेच येणारा ‘खिरीचा सण’ नव्या धान्याच्या खिरीचा, आणि यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाची स्मृती म्हणून केलेला उपवास वालाच्या बिरड्याने सोडतात, म्हणून तो ‘बिरड्याचा’. एलिया संदेष्ट्याच्या स्मरणार्थ पोहे, नारळ, साखर व फळे यांचा मलिदा करतात. त्यात वर्ज्य असे काहीच नाही, आणि सारे आपल्या परसातले आहे.

भांड्यास अन्नाचा गुण लागतो, हे यहुदी पाकशास्त्राचे एक मुख्य तत्त्व होय. गरम अन्न भांड्याच्या धातूत मुरते व पुढच्या गरम अन्नात उतरते, असे मानतात. धातूचे भांडे उकळत्या पाण्यात बुडवून किंवा, ज्यात कोरडे भाजतात ते, विस्तवात लाल होईपर्यंत तापवून शुद्ध करता येते. मातीचे भांडे शुद्ध होत नाही, ते टाकावे लागते. कांदा, लसूण, मुळा यांसारखे तिखट पदार्थ थंड असतानाही सुरीचा गुण ओढून घेतात असे मानले जाते, म्हणून मांसाच्या सुरीने चिरलेला कांदा दुधाच्या भाजीत घालीत नाहीत. हे वाचून एखाद्यास हसू येईल. परंतु वाळविलेल्या कांद्याचा कारखाना तपासताना निरीक्षक प्रथम कापणीयंत्राचे पाते पूर्वी कशास वापरले हे विचारतो, त्यामागे हाच नियम आहे.

पानातील किडा

शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. उघड्या डोळ्यांस दिसणारा कोणताही किडा, अळी, मावा, फुलकिडा खाणे निषिद्ध आहे, आणि ते डुकराच्या मांसाहून हलके मानले जात नाही. भाजी निखळ वनस्पती आहे म्हणून ती कोशर, हे आपले गृहीतक येथेच कोसळते. माव्याने भरलेली कोबीची पाने शाकाहारी म्हणून विकता येतील, पण कोशर म्हणून विकता येणार नाहीत. जे सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते ते मात्र विचारात घेत नाहीत.

त्यामुळे यहुदी गृहिणीचा पुष्कळ वेळ निवडण्यात जातो. कोबीची व सॅलडची पाने एकेक सुटी करून, भांडी धुण्याच्या साबणाचे थेंब टाकलेल्या पाण्यात काही मिनिटे ठेवून, वाहत्या पाण्याखाली धुवून, उजेडासमोर धरून पाहतात. साबणामुळे किड्याची पकड सुटते. फुलकोबी व ब्रोकोलीच्या गड्ड्यांत मावा लपतो म्हणून काही घरांत ती आणीतच नाहीत. स्ट्रॉबेरीचा देठाकडील भाग कापून टाकतात आणि फळ साबणाच्या पाण्यातून काढतात. अंजीर उघडून आतून पाहिल्याशिवाय खात नाहीत. तांदूळ व डाळी ताटात पसरून निवडतात आणि पीठ बारीक चाळणीने चाळतात. आपल्या आजीही हेच करीत. सोंडे, टोके लागलेले धान्य आपण उन्हात घालून पाखडतो व खातो, तेथे मात्र किडीने पोखरलेली डाळ खरेदीदार परत पाठवू शकतो. म्हणजे साठवणुकीतील कीड हा येथे केवळ वजनातील घटीचा प्रश्न राहत नाही.

या गरजेतून इस्रायलमध्ये शेतीची एक पद्धतच निर्माण झाली. पालेभाज्या बारीक जाळीच्या घरांत, दुहेरी दारे ठेवून, किडीस प्रवेशच मिळणार नाही अशा रीतीने घेतात. गाझा पट्टीतील गुश कतीफ या यहुदी वसाहती अशा ‘कीडविरहित’ भाज्यांसाठी नावाजल्या होत्या. 2005 साली त्या वसाहती उठविल्या गेल्या, तथापि ती पद्धत व ते नाव बाजारात राहिले. पांढऱ्या माशीस अडविणारी 50 मेशची जाळी आपल्या रोपवाटिकांत मिरची व टोमॅटोच्या रोपांसाठी वापरली जाते. तिचाच हा अधिक कडक उपयोग आहे. येथे एक इशारा देणे भाग आहे. कीड दिसू नये म्हणून काढणीच्या तोंडावर फवारणी करणे हा त्यावरील उपाय नव्हे. मेलेला किडा पानावर राहिला तरी तो निषिद्धच, आणि औषधाच्या अवशेषामुळे माल दुसऱ्याच कारणाने नाकारला जाईल.

जमिनीचे नियम

कोशर हा विचार स्वयंपाकघरात सुरू होत नाही, शेतात सुरू होतो. झाड लावल्यापासून पहिल्या तीन वर्षांची फळे निषिद्ध आहेत. या नियमास ‘ओर्ला’ म्हणतात. आपण आंब्याच्या कलमाचा मोहोर पहिली काही वर्षे खुडतो तो झाडाचा सांगाडा बळकट व्हावा म्हणून. तेथे कारण धार्मिक आहे, परिणाम बागेस हितकरच. इस्रायलबाहेरील फळांस हा नियम फळ निश्चितपणे पहिल्या तीन वर्षांचे आहे असे ठाऊक असेल तरच लागतो, शंका असेल तर लागत नाही. यातून एक मोठा मनोरंजक वाद उद्भवला. पपई हे झाड की भाजी? झाड मानावे तर पपईचे पीक बहुधा तीन वर्षांच्या आतच संपते व ती कधी खाताच येणार नाही. पोकळ खोड, पहिल्याच वर्षी धरणारे फळ, अल्प आयुष्य या लक्षणांवरून अनेक रब्बींनी तिला भाजीत गणले. आपल्या विद्यापीठांतील फळबागतज्ज्ञांनाही हा युक्तिवाद आवडावा.

इस्रायलमधील यहुदी शेतकऱ्याने भिन्न पिकांचे बी मिसळून पेरू नये, द्राक्षमळ्यात धान्य घेऊ नये, आणि भिन्न जातीच्या झाडांवर कलम करू नये. आपली ज्वारी-तुरीची मिश्र पेरणी त्यास तशी करता येणार नाही. आपल्या तुरीस मात्र त्यामुळे बाधा येत नाही. सुक्कोथ नावाच्या सणास पूजेत लागणारे महाळुंग लिंबाच्या खुंटावर बांधलेले असेल तर बाद होते, म्हणून ते कलम न केलेल्या झाडाचेच असल्याची खात्री घेऊनच ते विकले जाते.

दर सातव्या वर्षी इस्रायलमधील जमीन पडीक ठेवण्याचा ‘श्मिता’ हा नियम सर्वांत कठीण. 1889 पासून जमीन त्या वर्षापुरती यहुदी नसलेल्या माणसास विकल्याचा करार करून शेती चालू ठेवण्याची सवलत काही रब्बींनी दिली, काहींना ती आजही मान्य नाही. मागील श्मिता वर्ष 2021-22 होते. पुढील वर्ष सप्टेंबर 2028 मध्ये सुरू होईल. जे लोक ती सवलत मानीत नाहीत ते त्या काळात बाहेर देशांच्या भाजी-फळांकडे वळतात.

वल्हांडण सणाच्या आठवड्यात गहू, जव, राय, ओट व स्पेल्ट या पाच धान्यांपासून फुगलेला कोणताही पदार्थ घरात ठेवीत नाहीत. बिनखमिराची भाकरी पिठास पाणी लागल्यापासून 18 मिनिटांच्या आत भाजून निघावी लागते. युरोपीय परंपरेचे लोक त्या आठवड्यात तांदूळ, डाळी, मोहरी, तीळ हेही वर्ज्य मानतात. आपले बेने इस्रायल मात्र भात खातात. भाताशिवाय कोकण्याचा आठवडा कसा जावा!

शिक्का व तो देणारे

पूर्वी गृहिणी खाटीक, गवळी, बेकरीवाला यांस प्रत्यक्ष ओळखत असे, म्हणून दाखल्याची गरज नव्हती. अन्न कारखान्यात तयार होऊ लागल्यावर डब्यात काय आहे हे तिला दिसेनासे झाले. अमेरिकेत 1898 साली स्थापन झालेल्या ऑर्थोडॉक्स युनियन या संस्थेचे चिन्ह, म्हणजे वर्तुळातील इंग्रजी ‘यू’ अक्षर, 1923 साली हाइन्झ कंपनीच्या शाकाहारी बीन्सच्या डब्यावर प्रथम आले. पुढे ओके, स्टार-के, कोफ-के अशा इतर संस्था पुढे आल्या. चिन्हाशेजारी ‘डी’ असल्यास पदार्थ दुधाचा, ‘पारवे’ असल्यास तटस्थ, आणि ‘पी’ असल्यास वल्हांडणास योग्य. ‘पी’ म्हणजे पारवे असा गैरसमज होतो, तो टाळावा. नुसते ‘के’ अक्षर कोणीही छापू शकतो, त्यामागे एखादी संस्था असेलच असे नाही.

इस्रायलमध्ये 1983 च्या कायद्यान्वये प्रमाणपत्राशिवाय आपले अन्न कोशर म्हणून विकणे हा गुन्हा आहे, आणि उपाहारगृहाचे प्रमाणपत्र तेथील रब्बी मंडळाकडून मिळते. ते दर्शनी भागात लावतात. देखरेख करणाऱ्यास मश्गिआख म्हणतात. तो भाजी तपासतो, मालाची पोती कोठून आली ते पाहतो, आणि कित्येक ठिकाणी सकाळी चूल स्वतः पेटवितो, कारण काही पदार्थ शिजविण्यात यहुद्याचा हात असावा लागतो.

दाखल्याचे काम कसे चालते याचे उत्तम उदाहरण 1935 सालचे आहे. अमेरिकेतील अटलांटा येथील रब्बी टोबायस गेफेन यांस कोका-कोलाविषयी वारंवार विचारणा होई. कंपनीने गुप्ततेच्या अटीवर त्यांस घटकांची यादी दाखविली. तीत ग्लिसरीन होते आणि ते जनावराच्या चरबीपासून काढलेले होते. प्रमाण अत्यल्प होते. अनवधानाने पडलेला निषिद्ध पदार्थ साठाव्या भागाहून कमी असल्यास तो नगण्य मानावा असा सर्वसाधारण नियम आहे. परंतु गेफेन यांनी निर्णय दिला की, जे हेतुपुरस्सर घातले जाते त्यास ही सूट नाही. कंपनीने वनस्पती तेलापासून केलेले ग्लिसरीन वापरण्यास आरंभ केला आणि पेय कोशर ठरले. जनावरांची चरबी, जिलेटिन, चीज फाडण्याचे वासराच्या जठरातील रेनेट, किड्यांपासून काढलेला तांबडा कार्माइन रंग असे पदार्थ नावावरून ओळखू येत नाहीत. आज प्रश्नावल्या इतक्या बारीक असतात त्याचे कारण हे होय.

आपला माल

प्रथम स्पष्ट करावयाचे ते हे की, अखंड ताज्या फळास वा भाजीस, ती इस्रायलबाहेरची असल्यास, सामान्यतः दाखला लागत नाही. ताजी द्राक्षे, आंबा, डाळिंब पाठविणाऱ्या शेतकऱ्यास ‘कोशर करून देतो’ म्हणून पैसे मागणारा मध्यस्थ भेटल्यास त्यास दारातूनच परत पाठवावे. प्रश्न येतो तो प्रक्रियेत.

बेदाण्याचेच पाहू. घड पोटॅशियम कार्बोनेट व डिपिंग ऑइल यांच्या द्रावणात बुडवून सावलीत वाळवितात. एक लिटर पाण्यास सुमारे 25 ग्रॅम कार्बोनेट व 15 मिलीलिटर तेल अशी रूढ मात्रा आहे. हे तेल म्हणजे इथाइल ओलिएट. त्यातील ओलिइक आम्ल वनस्पती तेलापासून काढता येते तसेच जनावराच्या चरबीपासूनही. डब्यावरून ते कळत नाही. खरेदी करतानाच उत्पादकाकडून मूळ स्रोताचे लेखी प्रमाणपत्र मागावे व ते बिलास जोडून ठेवावे. आम्ही हंगाम संपल्यावर धावपळ केली, तो कागद हंगामाआधी एका पत्राने आला असता. वाळविल्यावर बेदाण्यास चमक यावी म्हणून तेल चोळीत असल्यास त्यासही हाच नियम. शब्बाथच्या प्रार्थनेस द्राक्षारस हवा असतो. कोकणातील बेने इस्रायल घरांत मद्य दुर्मीळ, तेव्हा काळ्या मनुका पाण्यात भिजवून, कुस्करून, गाळून त्याचे सरबत वापरण्याची रीत पडली. म्हणजे आपण जे तेलाच्या द्रावणात बुडवितो ते एखाद्याच्या प्रार्थनेच्या पेल्यात जाते. द्राक्षाचा रस किंवा मद्य कारखान्यात करावयाचे असल्यास मात्र नियम फार कडक आहेत, रस निघाल्यापासून ते धर्मनिष्ठ यहुद्यांनीच हाताळावे लागते. नवख्या गटाने त्या वाटेस जाऊ नये असे मला वाटते.

आंब्याच्या गराच्या एका कारखान्यात मी निरीक्षकाबरोबर होतो. व्यवस्थापकाने फरशा धुवून घेतल्या होत्या व कामगारांस नवे डगले दिले होते. पाहुणा थेट बाष्पकाकडे गेला. त्या आवारात एका बाजूस मांसाच्या रश्शाचे डबेही भरीत असत, आणि दोन्ही विभागांच्या कढयांतून परतणारे वाफेचे पाणी एकाच टाकीत येई. वाफेचा गुण भांड्यास लागतो, या न्यायाने गरही बाद. शेवटी परतीची नळी वेगळी केली, कढया चोवीस तास रित्या ठेवून उकळत्या पाण्याने शुद्ध केल्या, आणि मग दाखल्याची बोलणी पुढे सरकली. फरशीचा विषयही निघाला नाही.

काजूगर नुसते सोललेले असल्यास अडचण थोडी. तळून, मीठ वा मसाला लावून विकल्यास तेल व कढई यांचा हिशेब द्यावा लागतो. पनीर लिंबाने किंवा सायट्रिक आम्लाने फाडलेले असल्यास रेनेटचा प्रश्न येत नाही, द्राक्षाच्या व्हिनेगारने फाडलेले असल्यास दुसरा प्रश्न येतो. हळद, मिरचीपूड यांच्या गिरणीत आदल्या दिवशी मांसाचा मसाला दळला होता काय, हे विचारले जाते. त्यात चिकनच्या स्वादाची पूड मिसळलेली असू शकते.

दाखला संस्था देते तो एका ठरावीक कारखान्यास, ठरावीक पदार्थास व ठरावीक मुदतीस, साधारणतः एक वर्षास. शुल्क व निरीक्षकाचा प्रवासखर्च गटास सोसावा लागतो. म्हणून आधी खरेदीदारास कोणत्या संस्थेचा दाखला मान्य आहे हे लेखी विचारावे, मगच अर्ज करावा, कारण एका संस्थेचा शिक्का दुसऱ्या गिऱ्हाइकास मान्य असेलच असे नाही. घटकांची यादी, प्रत्येकाचा पुरवठादार, यंत्रांवर पूर्वी काय काय काढले त्याची नोंदवही, वाफेच्या नळ्यांचा आराखडा एवढे कागद तयार ठेवावेत. दाखला मिळाल्यावर तेलाचा पुरवठादार बदलावयाचा असेल तर आधी संस्थेस कळवावे. स्वस्त मिळाले म्हणून परस्पर बदललेला एक डबा सबंध वर्षाचा दाखला घालवितो, आणि त्याआधी तो कोणाच्या तरी ताटात गेलेला असतो. ज्या रकान्याचे उत्तर ठाऊक नाही तेथे ‘माहिती मागविली आहे’ असे लिहावे. खरेदीदार थांबतो, असा अनुभव आहे.

श्मिता वर्षासाठी गर किंवा वाळविलेला माल पाठविण्याचा विचार असलेल्या गटांनी 2027 च्या हंगामातच चौकशीस आरंभ करावा.